लेख लिहिला, आता तो सापडायलाही हवा: कोल्हापूरच्या नव्या ब्लॉगरसाठी एसईओची सुरुवात

शनिवारी संध्याकाळी चप्पल लाईनमधल्या एखाद्या दुकानात तासभर बसून बघा. मी बसलो होतो, हातात वही घेऊन. पुण्याहून आलेल्या एका ताईंनी विचारलं, "मामा, पावसात चालतात का हो ह्या?" त्यांच्या मागच्या पोराला करकर वाजणारी जोडी हवी होती. एका आजोबांनी चप्पल उलटी करून तळ निरखला आणि विचारलं, "हे खरं चामडंच हाय हे कशावरून समजायचं?" मग कुणी विचारलं चावणार तर नाही ना, कुणी विचारलं धुवायची कशी, कुणी विचारलं कापशी म्हणजे नक्की कुठली. तासाभरात वहीत अकरा प्रश्न जमले. मामांनी हातातलं काम न थांबवता प्रत्येकाला उत्तर दिलं.

एसईओवाले ज्याला 'कीवर्ड रिसर्च' म्हणतात, ते हेच. जो माणूस दुकानात येऊन विचारतो, तोच घरी बसून मोबाईलवर टाईप करतो. त्याचा प्रश्न त्याच्या शब्दांत ओळखायचा, त्याचं खरं उत्तर लिहायचं आणि ते गूगलला नीट वाचता येईल असं ठेवायचं. सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन हे भारदस्त नाव एवढ्याच कामाला आहे. मराठीत अजून कितीतरी साध्या प्रश्नांची नीट उत्तरं नेटवर नाहीत, म्हणून नव्याने लिहिणाऱ्याला इथे खरी संधी आहे असं मला मनापासून वाटतं. याच चपलेच्या लेखाचं उदाहरण शेवटपर्यंत घेऊन एकेक पायरी चढू.

पहिली पायरी: तुमचं पान गूगलच्या वहीत आहे का?

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल सुरू केलं. तेव्हापासून आतली गणितं खूप बदलली, पण कामाचा क्रम तोच आहे. गूगलचा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पानं वाचतो, याला क्रॉलिंग म्हणतात. वाचलेलं पान ठेवण्याजोगं वाटलं तर त्याची नोंद होते, ते इंडेक्सिंग. आणि कुणी काही शोधलं की त्या नोंदींतून कुठलं पान वर दाखवायचं ते ठरतं, ते रँकिंग. आपल्या शाहू मार्केट यार्डात गुळाची गाडी आधी पोचते, अडत्याच्या वहीत नोंद होते आणि मग प्रतवारी बघून सौदा निघतो, तसंच. गाडीच पोचली नसेल तर भाव का मिळाला नाही म्हणून हळहळून उपयोग नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. माझा पहिला ब्लॉग पाच महिने गूगलवर कुठेच नव्हता. मी रोज लिहीत होतो, शीर्षकं बदलत होतो, रात्र रात्र जागत होतो. कारण निघालं ते एका टिकेचं. साइट बनवून देणाऱ्याने काम चालू असताना वर्डप्रेस या ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरच्या 'रीडिंग' सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना मनाई करणाऱ्या चौकोनात टिक केली होती आणि ती काढायची राहून गेली होती. तेव्हापासून कुणीही ब्लॉग दाखवला की मी आधी तो चौकोन बघतो. तुम्हीही आत्ताच बघा.

नोंद झाली आहे का हे तपासायला गूगलच्या शोधचौकटीत इंग्रजी अक्षरांत 'साइट' (site) लिहा, लगेच कोलन द्या आणि जागा न सोडता तुमच्या ब्लॉगचा पत्ता टाका. नोंदवलेल्या पानांचा अंदाज येतो. त्याहून पक्की माहिती 'गूगल सर्च कन्सोल' देतो. तो फुकट आहे आणि ब्लॉग सुरू केल्याच्या दिवशीच जोडायचा असतो. साइट तुमचीच आहे हे सिद्ध करायला तो एक छोटा कोड देतो. तो बसवला की 'साइटमॅप' या कप्प्यात तुमच्या साइटमॅपचा पत्ता भरायचा. साइटमॅप म्हणजे तुमच्या पानांची यादी. ब्लॉगर (गूगलची ब्लॉग सेवा) आणि वर्डप्रेस दोन्हीकडे ती आपोआप तयार होते, वेगळं काही करावं लागत नाही.

दुसरी पायरी: अक्षरं युनिकोडच हवीत

युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला एकच क्रमांक देणारी पद्धत, जी सगळीकडे सारखीच वाचली जाते. इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत हा भाग सापडणार नाही, पण आपल्याकडे यात खूप जणांचं लिखाण वाया गेलं आहे. छापखान्यात आणि डीटीपीच्या दुकानात मराठी मजकूर वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या फॉन्टमध्ये टाईप झाला. त्यात पडद्यावर 'क' दिसतो, पण फाईलच्या पोटात इंग्रजी अक्षर किंवा भलतंच चिन्ह असतं. दिवाळी अंकातला लेख तसाच उचलून ब्लॉगवर टाकला, तर गूगलला तिथे मराठी दिसतच नाही, निरर्थक चिन्हांची रांग दिसते.

तपासणी सोपी आहे. मजकुराच्या दोन ओळी कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसली तर युनिकोड आहे. चिन्हांचा काला दिसला तर आधी कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि मग डोळ्यांत तेल घालून वाचा, कारण रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात.

पोस्टरवर अक्षरं टाकून तो फोटो लेख म्हणून लावण्याची सवयही सोडायला हवी. गूगल फोटोतली अक्षरं काही प्रमाणात ओळखतो, पण त्याच्या भरवशावर लेख सोडू नये. पाककृती असेल तर साहित्य आणि कृती मजकुरात लिहा, फोटो त्याच्या जोडीला द्या.

तिसरी पायरी: लोक कुठला शब्द वापरतात?

आपण देवीला अंबाबाई म्हणतो. बाहेरगावचा भाविक बहुतेक वेळा 'महालक्ष्मी मंदिर कोल्हापूर' असं शोधतो. तुम्ही अख्ख्या लेखात एकच नाव वापरलं, तर दुसऱ्या नावाने शोधणारा कदाचित तुमच्यापर्यंत पोचणार नाही. दोन्ही नावं सहज वापरता येतात: 'कोल्हापूरच्या अंबाबाईचं, म्हणजे महालक्ष्मीचं मंदिर'. एकदा शीर्षकात, एकदा सुरुवातीच्या परिच्छेदात, पुढे जिथे शोभेल तिथे. प्रत्येक ओळीत कोंबलं तर वाचणारा कंटाळतो, आणि गूगलच्या नियमांतही शब्दांची अशी खोगीरभरती गैर धरली जाते.

शब्द गोळा करण्यासाठी मी चार ठिकाणं बघतो. एक, आधी सांगितली ती वही. दोन, गूगलची शोधचौकट: 'कोल्हापुरी चप्पल' लिहून थांबा, खाली ज्या सूचना येतात त्या लोकांच्या शोधांवरूनच येतात. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी खिडकीत बघा, म्हणजे तुमच्या स्वतःच्या शोधांचा रंग चढत नाही. तीन, निकालांच्या मध्ये कधीकधी दिसणारे लोकांचे इतर प्रश्न. चार, गूगल ट्रेंड्स, जिथे दोन शब्द शेजारी ठेवून महाराष्ट्रापुरती तुलना करता येते.

बरेच मराठी लोक मराठी प्रश्न इंग्रजी अक्षरांत टाईप करतात, तेव्हा लेखही तसाच लिहावा का, असं मला नेहमी विचारतात. नको. लेख स्वच्छ देवनागरीतच लिहा. फार तर पानाच्या पत्त्यात रोमन शब्द येतील, ते पुढे सांगतो. तसंच लोक 'मीसळ' लिहितात म्हणून आपण मुद्दाम चुकीचं लिहायचं नाही. ह्रस्व-दीर्घाच्या अशा चुका गूगल बऱ्याचदा समजून घेतो. आपली भाषा आपणच नीट ठेवायची, हा माझा हट्ट आहे.

नव्या ब्लॉगने 'कोल्हापूर' या एका शब्दासाठी झगडू नये. तिथे विकिपीडिया, सरकारी संकेतस्थळं आणि मोठी वर्तमानपत्रं बसलेली आहेत. 'कोल्हापुरी चप्पल भिजली तर काय करावे' हा लांबलचक शोध कमी लोक करतात, पण करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं आणि तिथे गर्दी नसते.

वेळेचंही गणित आहे. अंबाबाईचा किरणोत्सव नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या शेवटाला येतो. राधानगरीकडे काजवे बघायला लोक मे महिन्याच्या अखेरीस निघतात. जोतिबाची मोठी यात्रा चैत्र पौर्णिमेला. त्या आठवड्यात लेख टाकला तर तो गूगलच्या वहीत नीट बसेपर्यंत गर्दी घरी परतलेली असते. मी दीड-दोन महिने आधी टाकतो आणि दरवर्षी तोच लेख, त्याच पत्त्यावर, नव्या तारखांसह ताजा करतो. दरवर्षी नवा लेख टाकला की आपलेच दोन लेख एकमेकांच्या आड येतात. अचानक येणारी लाट वेगळी. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि बातम्यांचा पूर आला. अशा वेळी ज्याचा पक्का लेख आधीपासून तयार असतो, त्याला त्या चर्चेचा फायदा मिळू शकतो.

चौथी पायरी: शीर्षक, वर्णन आणि पत्ता

शोधाच्या निकालात माणसाला तुमचं आधी काय दिसतं? शीर्षक. 'आमची शान, आमचा अभिमान!' या शीर्षकावरून आत चप्पल आहे की कुस्ती, हे कुणालाच कळणार नाही. 'कोल्हापुरी चप्पल पावसात वापरावी का? भिजल्यास काय करावे' हे शीर्षक सरळ आहे. महत्त्वाचे शब्द सुरुवातीला घ्या, कारण मोबाईलवर लांब शीर्षकाचं शेपूट कापलं जातं. कधीकधी गूगल स्वतःच दुसरं शीर्षक दाखवतो. तुमचं शीर्षक मजकुराशी जितकं प्रामाणिक, तितकी ही शक्यता कमी.

मेटा डिस्क्रिप्शन म्हणजे शीर्षकाखालच्या दोन ओळी. त्यांनी क्रमांक वाढत नाही, पण वाचून माणूस आत येतो, म्हणून हाताने लिहा. 'मेटा कीवर्ड्स' नावाचा रकाना मात्र रिकामा सोडला तरी चालतो. क्रमांक ठरवताना आपण तो वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे. अजूनही काही जण तिथे पन्नास शब्द भरण्याचे पैसे घेतात, ते देऊ नका.

पत्ता, म्हणजे यूआरएल. देवनागरी पत्ता गूगलला चालतो, पण तो कॉपी करून पाठवला की टक्क्यांची चिन्हं आणि अक्षर-आकडे यांची माळ होते. 'रंकाळा' हा साधा शब्द घ्या. अनुस्वार आणि काने धरून त्यात सहा खुणा आहेत, प्रत्येकीची नऊ चिन्हं होतात, म्हणजे एका रंकाळ्याची चोपन्न! म्हणून मी पत्ता रोमन अक्षरांत, तीन-चार शब्दांत, मध्ये आडवी रेघ देऊन ठेवतो. ब्लॉगर वापरत असाल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण मराठी शीर्षकाचं तिथे काहीच उरत नाही आणि नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' असा बिनचेहऱ्याचा पत्ता तयार होतो. प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये तो स्वतः लिहा. नंतर बदलायचा मोह टाळा. बदललाच तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे रीडायरेक्ट लावा, नाहीतर जुन्या दुव्यावरून येणारा माणूस बंद दाराशी येऊन परत जातो.

पाचवी पायरी: लेख, म्हणजे खरं काम

बाकीच्या सगळ्या पायऱ्या दोन दिवसांत शिकता येतात. ही वर्षानुवर्षं शिकत राहावी लागते. माझ्याकडे आलेल्या एका मसुद्याची सुरुवात अशी होती: 'कोल्हापूर हे महाराष्ट्रातील एक ऐतिहासिक शहर असून येथील चप्पल जगप्रसिद्ध आहे.' पुढे तीन परिच्छेद इतिहास आणि पावसाचं उत्तर पार तळाशी. विचारणारा तोवर थांबत नाही.

आम्ही ती सुरुवात बदलून अशी केली: 'कोल्हापुरी चप्पल पावसात वापरू नका. तिचं चामडं झाडांच्या साली आणि हिरड्यासारख्या वनस्पती वापरून कमावलेलं असतं. पाणी मुरलं की तळ फुगतो आणि आकार बिघडतो. भिजलीच तर कोरड्या फडक्याने टिपा आणि सावलीत वाळवा. कडक उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका.' उत्तर पहिल्या पाच ओळींत झालं. ज्याला अधिक हवं, त्याच्यासाठी खाली उपशीर्षकं देऊन बाकीचं मांडलं: खरं चामडं कसं ओळखायचं, कापशी आणि इतर प्रकार, २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन. ते मानांकन एकट्या कोल्हापूरला नाही. महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. हे लिहायला काहींना जड जातं, पण खरं ते लिहायचं. आपलं लिखाण वाचून कुणी दुकानात जाणार आहे.

गूगलकडे निकालांचा दर्जा तपासणारी माणसं असतात. त्यांच्यासाठीच्या सूचनांमध्ये कौशल्य, अधिकार आणि विश्वासार्हता हे निकष होते, त्यात डिसेंबर २०२२ मध्ये 'अनुभव' जोडला गेला. या गोष्टीला थेट गुण मिळत नाहीत, पण गूगलला कसलं लिखाण वर आणायचं आहे ते त्यातून कळतं. तुम्ही चप्पल लाईनमध्ये बसला होतात, कारागिराचा हात जवळून बघितलात, स्वतः वर्षभर जोडी वापरलीत, हे तुमचं भांडवल आहे. इंग्रजी लेखाचं यंत्राने केलेलं भाषांतर, किंवा एआयला सांगून एका रात्रीत काढलेले शंभर लेख, यांत ते कुठून येणार? क्रमांकासाठी असा ढिगाने मजकूर ओतण्याला गूगलने मार्च २०२४ मध्ये स्पॅमच्या धोरणात घातलं आहे. शुद्धलेखन तपासायला, मुद्दे मांडून बघायला एआयची मदत घ्या. अनुभव तुमचा असू द्या.

लेख किती शब्दांचा असावा? प्रश्नाला पुरेल एवढा. शब्दसंख्येने क्रमांक मिळत नाही.

सहावी पायरी: फोटो आणि वेग

फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो थेट लावू नका. रुंदी साधारण १२०० पिक्सेलवर आणा, वेबपी किंवा जेपीजीमध्ये दाबून घ्या. गगनबावड्याच्या घाटात रेंज जेमतेम असताना तुमचं पान उघडतं का, असा विचार करा. पानातला सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असं गूगलचं माप आहे. 'पेजस्पीड इनसाइट्स' या फुकट साधनात पत्ता टाकला की तुमचं पान कुठे अडतं ते कळतं. नोंद करताना गूगल आता पानाचं मोबाईलवरचं रूपच बघतो, म्हणून लेख टाकल्यावर आधी स्वतःच्या फोनवर उघडून बघा.

प्रत्येक फोटोला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोचं शब्दांतलं वर्णन, द्या. 'फोटो १' नको, 'कापशी चपलेच्या पट्ट्यावरची हाताने घातलेली वेणी' असं. दृष्टिहीन वाचकाला स्क्रीन रीडर हेच वाचून दाखवतो. त्याच्यासाठी लिहिलंत की गूगलचं कामही आपोआप होतं.

यूट्यूबवर असाल तर हेच नियम थोड्या फरकाने लागू होतात. शीर्षकात प्रश्न, वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत सार. वर्णनात शून्य मिनिटापासून वेळा लिहिल्या, किमान तीन, आणि प्रत्येक भाग दहा सेकंदांपेक्षा मोठा ठेवला, तर व्हिडिओचे भाग पडतात. मराठी सबटायटल स्वतः तपासून लावा. यंत्र कोल्हापुरी बोली ऐकून भलतंच लिहितं.

सातवी पायरी: दुवे

तुमच्या चपलेच्या लेखातून तुमच्याच अंबाबाई दर्शनाच्या लेखाला दुवा द्या, तिथून रंकाळ्याच्या, तिथून पन्हाळ्याच्या. दुव्याचे शब्द 'इथे क्लिक करा' असे नकोत, 'पन्हाळ्याला एका दिवसात काय पाहावं' असे हवेत. वाचणाऱ्यालाही कळतं आणि गूगललाही.

बाहेरचे दुवे विकत घेऊ नका. 'महिन्यात पहिल्या पानावर आणतो' असे फोन येतील. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतः सांगतं. तुमच्या लेखात दुसरीकडे न मिळणारं काही असेल, तर प्रवासावर लिहिणारे, बातमीदार, महाविद्यालयातली मुलं आपणहून दुवा देतात. असा दुवा यायला वेळ लागतो, पण टिकतो तोच.

आठवी पायरी: दर रविवारी अर्धा तास

लगेच निकाल शोधू नका. काही बदल काही तासांत दिसतात, काहींना महिने लागतात. रोज क्रमांक बघून जीव टांगणीला लावण्यापेक्षा आठवड्यातून एकदा सर्च कन्सोलमधला 'परफॉर्मन्स' अहवाल उघडा. किती वेळा दिसलात, किती जणांनी उघडलं, सरासरी क्रमांक किती, आणि कुठल्या शब्दांवर, हे सगळं तिथे मिळतं. सोळा महिन्यांपर्यंतचं मागचं बघता येतं. ज्या शब्दांवर तुम्ही आठव्या ते विसाव्या क्रमांकाच्या मध्ये आहात, ते वेगळे लिहून काढा. तिथे थोडी मेहनत केली तर वर जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

चपलेच्या त्या लेखावर तिसऱ्या महिन्यात मला तिथे एक शोध दिसला: 'नवीन कोल्हापुरी चप्पल चावते उपाय'. लेखात चावण्याचा उल्लेख एकाच ओळीत होता, तरी लोक त्यावरून येत होते आणि अर्थातच हात हलवत परत जात होते. मी वही घेऊन पुन्हा दुकानात गेलो. मामांनी नवी जोडी मांडीवर घेतली, बोटावर दोन थेंब तेल घेतलं आणि पट्ट्याच्या आतल्या कडेवरून, जिथे अंगठ्याला घासतं तिथे, अंगठ्याने दाबत फिरवलं. "रात्रभर असंच ठेवायचं, आणि पहिले चार दिवस घरातल्या घरातच घालायची. एकदम देवदर्शनाला घालून जाऊ नका म्हणावं." त्यांच्या हाताचा फोटो काढला, ऑल्ट टेक्स्ट लिहिलं आणि 'नवी चप्पल चावत असेल तर' असं उपशीर्षक देऊन त्याच लेखात, त्याच पत्त्यावर, ते उत्तर घातलं.